घरच्या घरीं रक्तदाब कसा मोजावा

मापन हें शास्त्राचें पहिलें पाऊल होय, असें आपण वर्गांत नेहमीं म्हणतों. दुकानदाराचें वजन खोटें असेल तर गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात. परंतु शरीराचें माप खोटें निघालें तर जी हानि होते ती पैशांत मोजतां येत नाहीं. रक्तदाबाचें माप अशांपैकींच एक आहे. आज तें पुष्कळ ठिकाणीं घरच्या घरींच घेतलें जातें. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील आमच्या वैरागांतही अनेक कुटुंबांनीं सेलवर चालणारीं यंत्रें घेतलीं आहेत. आणि घरांत आंकडे चटकन वाचणारें माणूस म्हणजे बहुधा शाळेंत जाणारा नातू किंवा नात असल्यामुळें, "बाळ, माझं बीपी बघ बरं," ही आज्ञा तुम्हां विद्यार्थ्यांनाच होते. म्हणून हा विषय आम्हीं या अंकासाठीं निवडला आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय हा स्नायूंचा एक पंप आहे. तें आकुंचन पावतें तेव्हां धमन्यांतील दाब सर्वांत अधिक असतो; त्यास आपण वरचा दाब म्हणतों. तें सैल पडून पुन्हां भरूं लागतें तेव्हां दाब उतरतो; उतरून जेथें थांबतो तो खालचा दाब. दोन्ही दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याची चाल आहे. १२०/८० याचा अर्थ वरचा १२० व खालचा ८०. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. तेव्हां १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे १,६३२ मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब होय. जवळजवळ उभ्या माणसाएवढा स्तंभ आपलें हृदय प्रत्येक ठोक्यास तोलून धरतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या अवयवाविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

हा दाब प्रमाणाबाहेर वाढून तसाच राहिला तर मेंदू, हृदय, मूत्रपिंडें व डोळे यांस इजा होते. पक्षाघात व हृदयविकार यांचें तें एक मोठें कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत प्रौढांपैकीं ३५.५ टक्के लोकांस उच्च रक्तदाब असल्याचें आढळलें. म्हणजे तीन प्रौढांमागें एकाहून थोडे अधिकच. आणि कठीण गोष्ट ही कीं, वाढलेला दाब बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. ताप अंगास हात लावून कळतो, खोकला शेजारच्या खोलींत ऐकूं येतो. रक्तदाबाची साक्ष देणारा मात्र एक आंकडाच असतो. तो साक्षीदार खोटें बोलला तर डॉक्टरांचा निर्णयही चुकतो.

हा आंकडा मिळविण्यास मनुष्यास फार काळ लागला. रक्ताचा दाब किती उंच स्तंभ उचलतो हें प्रथम ज्यानें मोजून पाहिलें तो इंग्लंडांतील टेडिंग्टन येथील एक धर्मोपदेशक होता. स्टीफन हेल्स हें त्याचें नांव. १७३३ सालीं त्यानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका घोडीच्या मांडीच्या धमनींत पितळी नळी बसवून ती त्यानें ९ फूट लांबीच्या काचेच्या नळीस जोडली, तेव्हां रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच उंच चढलें. 'हृदयाच्या पातळीपासून' हे शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढें त्यांची गरज लागणार आहे.

धमनी न कापतां बाहेरून दाब मोजण्याची सोयीची युक्ति इटलींतील ट्युरिन येथील डॉक्टर रिव्हा-रोच्ची यानें १८९६ सालीं काढली. दंडाभोंवतीं रबरी पट्टा गुंडाळून त्यांत हवा भरावयाची, आणि मनगटाची नाडी लागेनाशी झाली म्हणजे पारा कोठवर चढला तें पाहावयाचें, अशी ती रीत. त्याचा पट्टा मात्र अरुंद होता. अरुंद पट्ट्यानें दाब खऱ्याहून अधिक दिसतो, हें १९०१ सालीं फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें. पुढें १९०५ सालीं रशियांतील डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यानें पट्ट्याखालीं धमनीवर श्रवणनळी ठेवून आवाज ऐकण्याची पद्धति सांगितली. हवा सोडतांना पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा दाब, आवाज नाहींसा होतो तो खालचा. डॉक्टर कानाला नळी लावून मोजतात ती हीच रीत होय.

मोजमापाचें महत्त्व आपल्याच प्रांतांतील एका कार्यावरून चांगलें समजतें. सर्पगंधेची मुळी आपल्या देशांत फार पूर्वींपासून औषधांत वापरीत असत. परंतु ती रक्तदाब उतरविते किंवा नाहीं हें अनुभवाच्या गोष्टी सांगून ठरणारें नव्हतें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा प्रयोग करून, त्यांचे दाब मोजून, १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यामुळें साऱ्या जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. आणि १९५७ सालीं त्यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. मुळी जुनीच होती; तिचा गुण आंकड्यांनीं सिद्ध झाला, एवढेंच नवें होतें.

आतां आपल्या घरांतील यंत्राकडे वळूं. पारा विषारी असल्यामुळें त्याचा वापर कमी करण्याविषयींचा मिनामाता करार २०१३ सालीं झाला व भारतानें त्यास २०१८ सालीं मान्यता दिली. घरगुती यंत्रांत पारा नसतो; केवळ माप पाऱ्याचें राहिलें आहे. हें यंत्र आवाजही ऐकत नाहीं. पट्टा फुगून धमनी दाबली जाते. मग हवा हळूहळू सुटूं लागली म्हणजे नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी पट्ट्यांतील हवेंत सूक्ष्म कंप उठतात. ते कंप केव्हां वाढले, केव्हां सर्वांत मोठे झाले व केव्हां कमी झाले, हें पाहून यंत्र गणितानें दोन्ही दाब ठरवितें. यावरून एक गोष्ट उघड होते. हात हालला, बोटें आवळलीं, मनुष्य बोलला किंवा हंसला, तर त्याचेही कंप पट्ट्यांत मिसळतात. म्हणून माप चालू असतांना ज्याचा दाब मोजावयाचा त्यानें बोलूं नये. आणि जो मोजतो त्यानेंही त्यास प्रश्न विचारूं नयेत. बोलण्यानें दाबही वाढतो, हें आणखी एक कारण.

हात कोठें ठेवावा, या प्रश्नाचें उत्तर हेल्सच्या नळींत आहे. विहिरींत जों जों खोल जावें तों तों पाण्याचा दाब वाढतो, हें तुम्हीं शिकलांच आहां. रक्तालाही तोच नियम लागू आहे. दंड हृदयाच्या पातळीखालीं १० सेंटिमीटर असेल तर तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब मापांत अधिक येतो. गणित करून पाहा. रक्त पाण्याहून किंचित् जड आहे. १०० मिलिमीटर रक्ताचा स्तंभ म्हणजे सुमारे पावणेआठ मिलिमीटर पारा. हात हृदयाच्या वर धरला तर याच्या उलट होऊन दाब कमी दिसेल. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत याविषयीं प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. हात टेबलावर टेकविला असतां जो वरचा दाब मिळाला, त्याहून हात मांडीवर ठेवल्यास सुमारे ४, आणि बाजूस लोंबता सोडल्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर अधिक दाब दिसला. मनुष्य तोच, यंत्र तेंच. बदलली ती हाताची जागा. १४० ही ज्या रोगांत सीमारेषा मानली जाते, तेथें सहा-सात मिलिमीटरांनीं निरोगी मनुष्य रोगी ठरूं शकतो.

पट्ट्याविषयीं रेक्लिंगहाउझेननें सांगितलेली गोष्ट आजही खरी आहे. पट्ट्यांतील रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान पाऊणपट असावी. शिंप्याची टेप घेऊन खांदा व कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजावा, आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशीं तो ताडून पाहावा. पुष्कळ यंत्रांबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा येतो. ज्याचा दंड त्याहून जाड आहे त्यास तो अपुरा पडतो व दाब फार अधिक दिसतो. शेतकामानें वाळलेल्या वृद्धाच्या बारीक दंडास तो मोठा होतो व दाब कमी दिसतो. वरील विद्यापीठांतच २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, ज्यांस सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांस मध्यम पट्टा बांधला असतां वरचा दाब सरासरीनें १९.५ मिलिमीटर अधिक आला. एवढ्या अंतरानें एखाद्यास विनाकारण गोळ्या सुरू होतील, किंवा चालू असलेल्या वाढतील. म्हणून घरांत जाड व बारीक अशीं दोन्ही प्रकारचीं माणसें असतील तर दोन पट्टे ठेवणें हा वायफळ खर्च नव्हे.

यंत्र व पट्टा यांची व्यवस्था झाली, तरी ज्याचा दाब पाहावयाचा तो मनुष्य स्वस्थ असला पाहिजे. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, कॉफी, विडी व तंबाखू वर्ज्य करावीं. आमच्याकडील पुष्कळ वडीलधाऱ्या स्त्रिया सकाळीं मशेरी लावतात; मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय, हें विसरूं नये. नुकतेच श्रम केले असतील, विहिरीवरून पाणी आणलें असेल, किंवा ऊन्हांतून चालत येणें झालें असेल, तर थांबावें. लघवी तुंबली असल्यासही दाब वाढतो. म्हणून आधीं लघवीस जाऊन यावें. नंतर पांच मिनिटें गप्प बसावें. ही पांच मिनिटें घड्याळावर मोजावीं, अंदाजानें नव्हे.

बसण्याची रीतही ठरलेली आहे. आपल्या घरांत जमिनीवर मांडी घालून किंवा खाटेच्या कडेवर बसण्याची संवय असते. परंतु या कामासाठीं पाठ टेकतां येईल अशी खुर्ची घ्यावी. पाय एकमेकांवर टाकूं नयेत. दोन्ही तळवे जमिनीस टेकलेले असावेत, न टेकल्यास खालीं पाट द्यावा. जवळच्या टेबलावर, किंवा टेबल नसल्यास एखाद्या पेटीवर, गोधडीची घडी ठेवून तींवर हात असा टेकवावा कीं पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्यावर येईल. हात अधांतरीं धरूं नये. दंड उघडा असावा. सदऱ्याची बाही वर दुमडली तर तिचाच एक करकोचा दंडास बसतो. तेव्हां बाहींतून हात मोकळा काढावा. चोळीची बाही घट्ट असेल तर तीच काळजी घ्यावी, व दंडावर ताईत असेल तर तो उतरून ठेवावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून सुमारे दोन बोटें वर असावी, आणि पट्ट्यावरची खूण धमनीच्या बाजूस यावी. बांधलेल्या पट्ट्याखालीं दोन बोटें जातील इतकाच तो घट्ट असावा.

पहिल्या दिवशीं दोन्ही दंडांचा दाब पाहावा. ज्या दंडांत तो अधिक येईल त्याच दंडाचा पुढें नेहमीं घ्यावा. दोहोंत दहांहून अधिक फरक वारंवार दिसल्यास डॉक्टरांस सांगावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका मापावरून कांहींही ठरवूं नये. रक्तदाब हा डोंगराच्या उंचीसारखा स्थिर नाहीं; झोपेंत तो उतरतो, रागानें चढतो, थंडींत वाढतो. आमच्या गांवाहून बार्शीस किंवा सोलापुरास तपासणीसाठीं जाणें म्हणजे सबंध दिवस मोडणें. गर्दीच्या एस.टी.तून उतरून, रांगेंत तास दीड तास उभें राहून, नंबर आला कीं धांवत आंत जाणाऱ्या मनुष्याचा दाब अधिक दिसला तर नवल नाहीं. कित्येकांचा दाब तर डॉक्टरांच्या नुसत्या सान्निध्यानें वाढतो. याच्या उलटही कांहीं लोक असतात. त्यांचा दाब दवाखान्यांत बरा दिसतो, पण घरीं वाढलेला असतो. हा दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण त्यांत मनुष्य निर्धास्त राहतो. दोहोंचा उलगडा घरच्या मापांनींच होतो.

त्यासाठीं डॉक्टर लोक पुढील क्रम सांगतात. तपासणीस जाण्यापूर्वीं सात दिवस माप घ्यावें. सकाळीं उठल्यावर तासाभराच्या आंत, न्याहारीच्या व गोळीच्या आधीं, एका मिनिटाच्या अंतरानें दोन वेळां. आणि तसेंच सायंकाळीं दोन वेळां. अशीं दिवसाचीं चार व सात दिवसांचीं अठ्ठावीस मापें होतात. पहिल्या दिवशीं नवखेपणामुळें आंकडे चढे येतात. म्हणून त्या दिवसाचीं चार सोडून उरलेल्या चोविसांची सरासरी काढावी. समजा, एका गृहस्थांचा दाब दवाखान्यांत १४८/९४ आला. घरीं त्यांच्या चोवीस मापांत वरच्या आंकड्यांची बेरीज ३,०९६ व खालच्यांची १,९४४ झाली. चोविसांनीं भागल्यास सरासरी १२९/८१ येते. दवाखान्यांत १४०/९० ही जी सीमा, तीच घरीं १३५/८५ मानतात. कारण घरीं मनुष्य अधिक स्वस्थ असतो. तेव्हां या गृहस्थांचा दाब घरीं सीमेच्या आंत आहे. मग गोळी द्यावी कीं थांबावें, हें अर्थात् डॉक्टरांनीं ठरवावयाचें; पण तें ठरविण्यास त्यांना खरा आधार मिळाला.

येथें तुमच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. यंत्रानें १५२ दाखविले आणि आजोबा घाबरतील म्हणून वहींत १४० लिहिले, तर तें प्रेम नव्हे. तीनदां मोजून त्यांतला बरा आंकडा तेवढा निवडणें, किंवा १३७ चे १३५ करणें, हेंही तसेंच. जो आंकडा दिसेल तोच, तारीख व वेळ घालून लिहावा. दोन प्रकारच्या मनुष्यांचें नुकसान खोट्या मापानें होतें. एकास नसलेल्या रोगाच्या गोळ्या मिळतात. त्याला उठतांना चक्कर येते, तो पडतो, आणि म्हातारपणीं मोडलेलें हाड लवकर सांधत नाहीं. दुसऱ्यास असलेला रोग नाहीं असें वाटतें. आणि एके सकाळीं तोंड वांकडें होऊन हात उचलत नाहीं, तेव्हां सर्वांचे डोळे उघडतात. हें दुसरें दुःख आमच्या भागांतील किती घरांनीं पाहिलें आहे, तें निराळें सांगावयास नको.

याच ओघांत आणखी एक इशारा देणें अवश्य आहे. आंकडे चांगले येऊं लागले कीं, "आतां दाब गेला," असें म्हणून पुष्कळ लोक गोळ्या बंद करतात. दाब गेलेला नसतो. गोळीनें तो आवरून धरलेला असतो. घरचें यंत्र डॉक्टरांस माहिती पुरविण्यासाठीं आहे, त्यांच्या जागीं बसण्यासाठीं नाहीं. गोळी बदलणें, कमी करणें किंवा सोडणें हें त्यांच्या सल्ल्यावांचून करूं नये. तसेंच दिवसांतून दहा-दहा वेळां पट्टा बांधणेंही बरें नव्हे. त्यानें काळजी वाढते, व काळजीनें दाब वाढतो.

यंत्र घेतांना दंडावर बांधावयाचें घ्यावें. मनगटाचें यंत्र हाताच्या जागेनें सहज चुकतें, व बोटावरच्या यंत्रांवर विसंबूं नये. ज्या नमुन्याची अचूकता मान्य पद्धतीनें तपासून प्रसिद्ध झालेली आहे तोच पाहून घ्यावा. किंमत किंवा दिखाऊपणा ही त्याची खूण नव्हे. वर्षांतून एकदां यंत्र डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मापाशीं ताडून पाहावें. सेल क्षीण झाले असतील तर बदलावे. ज्यांची नाडी अनियमित चालते त्यांच्या बाबतींत यंत्र घोटाळते. त्यांचें माप तीनदां घ्यावें व तें डॉक्टरांस कळवावें. गरोदर स्त्रियांनीं घरच्या मापावर न राहतां नियमानें तपासणीस जावें. गोळ्या चालू असलेल्या वृद्धांस उभें राहतांना अंधारी येत असेल, तर उभें राहिल्यावर एक ते तीन मिनिटांनीं घेतलेलें माप निराळें लिहून ठेवावें.

एखादे वेळीं आंकडा १८० / १२० किंवा त्याहून वर गेला, तर प्रथम स्वतः घाबरूं नये. छातींत दुखणें, धाप लागणें, बोलणें अडखळणें, हातपाय लुळा पडणें, दृष्टि मंद होणें, असह्य डोकें दुखणें, यांपैकीं कांहीं असेल तर क्षणाचाही विलंब न लावतां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. असें कांहीं नसेल तर पांच मिनिटें शांत बसवून पुन्हां मोजावें; दाब तसाच राहिल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

सरकारनेंही या रोगाकडे अलीकडे विशेष लक्ष दिलें आहे. २०१७ सालीं पांच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमांत महाराष्ट्रांतील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे आरंभीं घेतले होते. रुग्णाचा दाब मोजावयाचा, ठराविक औषध द्यावयाचें, पुन्हां मोजावयाचा, आणि तो १४०/९० च्या खालीं आला कीं नाहीं हें नोंदवून ठेवावयाचें, अशी त्याची साधी रीत. त्या साऱ्या रचनेचा पायाही मोजणाऱ्याचा हात हाच आहे. तो हात आरोग्यसेविकेचा असो वा नवव्या इयत्तेंतील नातवाचा, त्यास नियम एकच.

येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या एका वडील माणसासाठीं एक वही करावी, सात दिवस वरील क्रमानें मापें घ्यावीं, सरासरी काढावी, आणि ती वही पुढच्या तपासणीच्या वेळीं आजोबांच्या किंवा आजींच्या पिशवींत आठवणीनें ठेवावी. एवढें घडलें तरी या लेखाचें चीज झालें, असें आम्ही समजूं.